कोर्स नसलेलं करिअर

कारध्याहून वैनगंगेचा पूल ओलांडून भंडाऱ्याच्या कॉलेजात येणारा असो, नाहीतर साकोली-तुमसरहून एसटीनं येणारी. फोनमध्ये एकही गेम नाही असा विद्यार्थी शोधून सापडायचा नाही. त्यातल्याच एखाद्याला कधीतरी वाटतं, खेळणं पुरे झालं, आता आपण गेम बनवायचा. आणि तिथून खरी अडचण सुरू होते. बारावीनंतर काय घ्यायचं? कॉम्प्युटर सायन्स, ॲनिमेशन की फाइन आर्ट्स? गेम डायरेक्टर नावाची डिग्री कुठं मिळते? घरी विषय काढावा तर पहिला प्रश्न ठरलेला, त्यात नोकरी लागते का?

आधी हे काम काय असतं ते बघू. गेममध्ये कोड लिहिणारे असतात, चित्रं काढणारे असतात, आवाज देणारे, गोष्ट रचणारे, लेव्हल आखणारे असतात. खेळणाऱ्याला शेवटी काय वाटलं पाहिजे हे ठरवून या सगळ्यांची कामं एका सुतात ओवणारा माणूस म्हणजे गेम डायरेक्टर. त्याला प्रत्येक कामात मास्टर असायची गरज नसते. पण प्रत्येकाची भाषा कळावी लागते. म्हणूनच या क्षेत्रातले मोठे लोक बघितले तर त्यांच्या डिग्र्या भलत्याच निघतात. मारिओचे निर्माते शिगेरू मियामोतो इंडस्ट्रियल डिझाइन शिकलेले. 'मेटल गिअर'वाले हिदेओ कोजिमा अर्थशास्त्राचे विद्यार्थी. गेम बॉयमागचे गुनपेई योकोई इलेक्ट्रॉनिक्स शिकून निन्टेन्डोत लागले, तेव्हा कंपनी पत्ते बनवायची आणि त्यांच्याकडं मशीनच्या देखभालीचं काम होतं.

नवं माध्यम आलं की त्याचं कॉलेज नंतर निघतं. आधी माणसं येतात, आपापल्या वाटेनं, हाताला लागेल ते शिकत. आपल्याकडं अशी सगळ्यात मोठी गोष्ट शंभरहून जास्त वर्षांपूर्वी सुरू झाली. तेव्हाचं नवं माध्यम होतं सिनेमा आणि माणूस होता धुंडिराज गोविंद फाळके. होय, दादासाहेब फाळके. पुरस्काराचं नाव आणि स्पर्धा परीक्षेतला एक मार्काचा प्रश्न, एवढीच त्यांची ओळख आपल्याला असते. त्यांचा बायोडेटा मात्र आपण कधी नीट वाचलेला नसतो. तो वाचण्यासारखा आहे, कारण चाळिशीपर्यंत तो बायोडेटा कुठल्याही एचआरनं बाजूला टाकला असता.

शास्त्रीबुवांचा मुलगा

फाळक्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरला झाला. वडील संस्कृतचे पंडित. घराण्याची रीत बघता मुलानंही शास्त्री व्हावं हे ओघानंच आलं. घरात पुराणं होती, श्लोक होते, हरिश्चंद्र-तारामतीच्या कथा होत्या. पुढं वडिलांना मुंबईच्या विल्सन कॉलेजात संस्कृत शिकवायची नोकरी लागली आणि कुटुंब मुंबईला आलं.

मुलाचा ओढा मात्र चित्रांकडं होता. १८८५ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, ते सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले आणि चित्रकला शिकले. त्यानंतर मोठ्या भावाबरोबर बडोदा. तिथं सयाजीराव गायकवाडांच्या राज्यात प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जरांनी १८९० मध्ये कलाभवन सुरू केलं होतं. आजच्या भाषेत सांगायचं तर आर्ट कॉलेज आणि पॉलिटेक्निक एकाच छताखाली. फाळके तिथं तैलरंग आणि जलरंग शिकले, मूर्ती आणि मॉडेल बनवायला शिकले, वास्तुकलेची ओळख करून घेतली. १८९२ च्या अहमदाबादच्या प्रदर्शनात त्यांनी एका आदर्श नाट्यगृहाचं मॉडेल ठेवलं, त्याला सुवर्णपदक मिळालं.

तिथंच त्यांना फोटोग्राफीचं वेड लागलं. एका चाहत्यानं त्यांना महागडा कॅमेरा भेट दिला. गज्जरांनी त्यांची चमक ओळखली आणि छपाईचे ब्लॉक, तीन रंगांची छपाई, डार्करूमचं काम शिकायला रतलामला पाठवलं. परत आल्यावर कलाभवनाचा स्टुडिओ आणि प्रयोगशाळा वापरायची मुभा दिली. शिक्षक काय करू शकतो याचं हे साधं उदाहरण. गज्जर स्वतः रसायनशास्त्राचे. सिनेमाशी त्यांचा काही संबंध नव्हता. त्यांनी एका पोराला लॅबची किल्ली दिली, एवढंच.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. वडील प्राध्यापक, भावाचा आधार, मुंबई-बडोद्यासारख्या ठिकाणी शिक्षण. १८८५ मध्ये हे फार थोड्यांच्या नशिबात होतं. जात, घर आणि शहर यांनी फाळक्यांना सुरुवात दिली. पुढं मात्र त्यांची गाडी बऱ्याचदा घसरली.

एक सोडला, दुसरा धरला

१८९५ च्या सुमारास फाळक्यांनी गोध्र्याला फोटो स्टुडिओ टाकला. तेव्हा कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती ओढून घेतो, असा समज लोकांत होता. गिऱ्हाईक यायला बिचकायचं. त्यातच प्लेगची साथ आली आणि तिनं त्यांची पहिली पत्नी आणि मूल हिरावून नेलं. तिशीच्या सुमारास संसार आणि धंदा दोन्ही गेले. फाळके गोध्रा सोडून बडोद्याला परतले.

मग त्यांनी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायला घेतले. आपल्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर मंडई भरली की रात्रभर नाटकं चालतात, त्यामुळं पडद्याचं महत्त्व आपल्याला वेगळं सांगायला नको. जंगल, राजवाडा, देऊळ, सगळं त्या रंगवलेल्या कापडावर असतं आणि पेट्रोमॅक्सच्या काळातही मागच्या रांगेतल्या म्हातारीला ते खरं वाटायचं. डोळ्याला काय दाखवलं की मन काय मानतं, याचा अभ्यास फाळक्यांनी तिथं केला असणार.

पुढचा धंदा त्याहून भारी. बडोद्यात आलेल्या एका जर्मन जादूगाराकडून फाळके जादू शिकले आणि जादूचे प्रयोग करू लागले. स्टेजवरचं नाव घेतलं प्रोफेसर केल्फा. फाळके उलटं वाचा, कळेल. जादूत एक गोष्ट पक्की शिकायला मिळते. प्रेक्षकाची नजर एका हातावर खिळवायची आणि काम दुसऱ्या हातानं करायचं. फ्रान्समध्ये जॉर्ज मेलिएस हा जादूगारच सिनेमातल्या ट्रिक दृश्यांचा बाप ठरला होता, आणि आपल्याकडंही तेच व्हायचं होतं. त्या वेळी ते कुणाला ठाऊक नव्हतं, फाळक्यांनासुद्धा.

१९०२ साली त्यांचं दुसरं लग्न झालं. पत्नी किर्लोस्कर नाटक मंडळीच्या मालकांच्या नात्यातली, लग्नानंतर सरस्वतीबाई. हे नाव लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे. १९०३ मध्ये पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफर आणि ड्राफ्ट्समनची नोकरी मिळाली. सरकारी नोकरी! घरच्यांनी सुटकेचा श्वास टाकला असेल. १९०६ मध्ये फाळक्यांनी तीही सोडली आणि लोणावळ्याला भागीदारीत छापखाना काढला. जवळच मळवलीला असलेल्या रविवर्मा प्रेसची कामं ते करायचे. घरोघरी भिंतीवर लागणारी लक्ष्मी-सरस्वतीची चित्रं या प्रेसची. देव लोकांच्या डोळ्यांपुढं कसे उभे राहतात, कुठला रंग, कुठली बसण्याची ढब, हे फाळक्यांच्या हाताखालून रोज जात होतं. मग छापखाना दादरला आला, नाव झालं लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स. १९०९ मध्ये रंगीत छपाईची यंत्रं आणण्यासाठी जर्मनीची वारीही झाली. धंदा जोरात चालू असताना भागीदाराशी बिनसलं आणि फाळके रिकाम्या हातानं बाहेर पडले.

आता हिशेब करा. वय चाळीस. चित्रकला, मॉडेल, फोटो, पडदे, जादू, सरकारी नोकरी, छपाई. एवढ्या गोष्टी धरल्या, त्यातली एकही टिकली नाही. नातेवाइकांत अशा माणसाबद्दल काय बोलतात ते आपल्याला चांगलं माहीत आहे.

तंबूतली दोन संध्याकाळी

१९११ चा एप्रिल. ईस्टरचे दिवस. फाळके मोठा मुलगा भालचंद्रला घेऊन गिरगावातल्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये गेले. पडद्यावर प्राणी हलताना दिसले. मुलानं घरी येऊन सांगितलं तर कुणाचा विश्वास बसेना, म्हणून दुसऱ्या दिवशी सगळ्या घराला घेऊन पुन्हा गेले. त्या दिवशी ख्रिस्ताच्या जीवनावरचा सिनेमा लागला होता. तो बघता बघता फाळक्यांच्या मनात ख्रिस्ताच्या जागी राम-कृष्ण दिसायला लागले. आपल्या देवांची गोष्ट अशी पडद्यावर कधी येणार, आणि ती आणायला कोण पुढं येणार?

असं वाटणारे तेव्हा आणखीही असतील. फाळक्यांचा फरक पुढच्या वर्षात दिसतो. मिळतील ती पुस्तकं, कॅटलॉग, उपकरणं त्यांनी गोळा केली. रोज सिनेमे पाहायचे आणि घरी येऊन रात्री उशिरापर्यंत प्रयोग करायचे. झोपेचा पत्ता नाही. या नादात डोळ्यांवर इतका ताण आला की काही काळ दिसेनासं झालं. डॉक्टरांच्या उपचारानं दृष्टी परत आली आणि स्वारी पुन्हा कामाला लागली. (हे अनुकरणीय नाही बरं का! रात्री तीनपर्यंत स्क्रीनला डोळे लावून बसणाऱ्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.)

आता लंडनला जाऊन हे तंत्र शिकायचं आणि सामान आणायचं होतं. पैसे नव्हते. बारा हजारांची विमा पॉलिसी गहाण ठेवून दहा हजार उभे केले आणि १ फेब्रुवारी १९१२ ला फाळके बोटीत बसले. लंडनमध्ये ओळख कुणाची नाही. ते 'बायोस्कोप' नावाचं सिनेमाचं साप्ताहिक मागवायचे, त्याची पाटी दिसली तर थेट ऑफिसात शिरले आणि संपादकाला भेटले. संपादकानं आधी समजावलं की या धंद्यात भले भले बुडालेत. माणूस हटत नाही म्हटल्यावर त्यानंच त्यांना सेसिल हेपवर्थ या मोठ्या निर्मात्याकडं पाठवलं. हेपवर्थनं आपला स्टुडिओ मोकळेपणानं दाखवला. सिनेमाचं म्हणावं असं फाळक्यांचं सगळं औपचारिक शिक्षण ते एवढंच, स्टुडिओत काढलेले मोजके दिवस. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा, फिल्मला भोकं पाडायचं यंत्र आणि कोडॅकच्या कच्च्या फिल्मची ऑर्डर. हे करून १ एप्रिल १९१२ ला ते मुंबईत हजर.

मोजके दिवस पुरले, कारण त्याआधीची पंचवीस वर्षं होती. डार्करूम माहीत होती. लेन्स माहीत होती. सेट कसा रंगवायचा, मॉडेल कसं करायचं, नजर कशी फसवायची, पोस्टर कसं छापायचं, सगळं हाताखालून गेलेलं. सोडलेला एकेक धंदा आता कामाला येत होता.

एका वाटाण्याचा सिनेमा

सामान आलं, पण सिनेमाला भांडवल हवं. ते कोण देणार? या माणसानं आजवर एकही सिनेमा केलेला नाही.

फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला. समोर कॅमेरा रोखला. रोज थोडं थोडं चित्रीकरण करत महिन्याभराहून जास्त काळ ते त्या रोपापाशी बसले. सगळं जोडून पडद्यावर दाखवलं तेव्हा बी फुटलं, कोंब वर आला, पानं पसरली आणि वेल चढली, ते सगळं जेमतेम मिनिटभरात. या छोट्या फिल्मचं नाव 'अंकुराची वाढ'. ती पाहून पैसेवाल्यांचा विश्वास बसला आणि कर्ज मिळालं.

गेमच्या धंद्यात आज याला प्रोटोटाइप म्हणतात. शंभर पानांचा आराखडा कुणी वाचत नाही. एक मिनिटाचा चालता गेम दाखवा, लोक थांबून बघतात. फाळक्यांनी हे १९१२ मध्ये एका वाटाण्यावर करून दाखवलं.

घर हाच स्टुडिओ

कंपनी काढली, गोष्ट ठरली राजा हरिश्चंद्राची. सत्यासाठी राज्य, बायको, मुलगा सगळं गमावणारा राजा. गोष्ट अशी की प्रत्येकाला पाठ. सिनेमा मुका होता, त्यामुळं ओळखीची कथा हा मोठाच आधार होता. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० मध्ये 'राजी' हा गेम काढला, त्यातही आपल्याच पुराणांतलं जग आहे. नवं माध्यम आणि जुनी गोष्ट, ही जोडी अजून चालते.

खरी पंचाईत नटांची झाली. पेपरात जाहिराती दिल्या. पुरुष आले, पण तारामती कुठून आणायची? सिनेमात काम करायला एकही बाई तयार होईना. ज्यांना समाज आधीच नावं ठेवत होता, त्या बायकांनीसुद्धा नकार दिला. शेवटी एका हॉटेलात अण्णा साळुंके नावाचा सडपातळ, नाजूक हातांचा तरुण आचारी फाळक्यांच्या नजरेत भरला. हॉटेलात महिना दहा रुपये मिळायचे, फाळक्यांनी पंधरा देऊ केले. तारामती मिळाली. आपल्याकडच्या दंडारीत पुरुषच लुगडं नेसून नाचतात, तेव्हा भंडाऱ्याच्या वाचकाला यात नवल वाटायचं कारण नाही. पुढं याच साळुंक्यांनी 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका एकट्यानं केल्या.

हरिश्चंद्र झाले दत्तात्रय दाबके. रोहिदासाला पडद्यावर मरायचं होतं, आणि आपल्या पोराला अशा अशुभ कामाला कोण देणार? फाळक्यांनी स्वतःचा भालचंद्र उभा केला. सिनेमात काम करतो म्हटलं की लोक वाईट बघायचे, म्हणून मंडळींना सांगून ठेवलं होतं की कुणी विचारलं तर हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहोत असं सांगायचं. परेश मोकाशींचा २००९ चा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' पाहिला असेल तर त्या नावाचा उगम हा.

दादरला, आज ज्या रस्त्याला फाळक्यांचंच नाव आहे, तिथं त्यांच्या बंगल्यात सगळं चाललं होतं. कथा, दिग्दर्शन, सेट, मेकअप, फिल्म धुणं, कापणं, जोडणं, सगळीकडं फाळके. कॅमेऱ्याला त्यांनी मित्राला, त्र्यंबक तेलंगांना, शिकवून तयार केलं.

आणि सरस्वतीबाई. साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक, कपडे धुणं हे होतंच. दिवसा उन्हात पांढरी चादर धरून नटांच्या तोंडावर उजेड पाडायचं काम त्यांनी केलं. रात्री सगळे झोपल्यावर अंधाऱ्या खोलीत कोऱ्या फिल्मला यंत्रानं भोकं पाडायचंही. फिल्म धुण्याची रसायनं मिसळायला त्या शिकल्या. पैसे संपले तेव्हा अंगावरचे दागिने काढून दिले. आजच्या श्रेयनामावलीत अशा व्यक्तीचं नाव तीन-चार ठिकाणी तरी आलं असतं. आपण मात्र पुरस्काराच्या नावात एकच नाव वाचतो. एका माणसाच्या जिद्दीची गोष्ट सांगताना त्या जिद्दीचा खर्च कुणी उचलला हे विचारायची सवय आपल्या पिढीनं लावून घ्यायला हवी. टीमशिवाय डायरेक्टर नसतो, आणि टीममध्ये घरही येतं.

तीन मे आणि तीन आणे

सहा महिने आणि सत्तावीस दिवसांत चार रिळांचा, ३७०० फुटांचा सिनेमा तयार झाला. २१ एप्रिल १९१३ ला मुंबईच्या ऑलिम्पिया थिएटरात निमंत्रितांपुढं खेळ झाला आणि ३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लोकांसाठी लागला.

त्याच कोरोनेशनमध्ये वर्षभर आधी, १८ मे १९१२ ला, दादासाहेब तोरण्यांचा 'श्री पुंडलिक' लागून गेला होता. त्यामुळं पहिला कोण हा वाद अजून अधूनमधून पेटतो. 'पुंडलिक' हे रंगमंचावरच्या नाटकाचं चित्रण होतं आणि कॅमेऱ्यामागं परदेशी माणूस होता, म्हणून पहिल्या भारतीय कथापटाचा मान सहसा 'हरिश्चंद्र'ला दिला जातो. तोरण्यांचं नाव तरीही विसरायचं नाही.

फाळक्यांना मार्केटिंगही कळत होतं. सुरतला लोक येईनात, कारण तेवढ्याच पैशात तिथं तासन् तास नाटक बघायला मिळायचं. फाळक्यांनी जाहिरात काढली की या खेळात सत्तावन्न हजार फोटो आहेत, चित्राची लांबी दोन मैल आहे आणि हे सगळं तीन आण्यांत. जादूगार, छापखानेवाला आणि व्यापारी, तिघं त्या एका जाहिरातीत बोलत होते.

१९१३ मध्येच ते नाशिकला गेले. 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या खऱ्याखुऱ्या स्त्रिया पडद्यावर आल्या. १९१४ मध्ये आपले सिनेमे घेऊन फाळके पुन्हा लंडनला गेले. तिकडं राहून सिनेमे करायचं बोलावणं आलं, त्यांनी नाकारलं आणि परत आले. मग महायुद्ध, पैशाची तंगी, आणि १९१७ मध्ये 'लंकादहन'. या सिनेमाच्या कमाईची नाणी गोण्यांत भरून बैलगाडीतून न्यावी लागली, अशी आठवण सांगितली जाते. १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये त्यांची लहान मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली.

त्यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. सिनेमा कसा तयार होतो हे दाखवणारी एक फिल्म फाळक्यांनी काढली आणि 'नवयुग' मासिकात लेख लिहून आपली सगळी धडपड लोकांपुढं मांडली. जादूगारानं जादूची पेटी उघडून दाखवली. आज गेम बनवणारे आपल्या कामाचे व्हिडिओ टाकतात, त्याची ही आजी म्हणा.

पुढची लेव्हल

इथं गोष्ट संपवली तर ती पोस्टरवर छापायला छान दिसेल. पण पुढचा भाग झाकून ठेवला तर तुमची फसवणूक होईल.

१९१८ मध्ये श्रीमंत भागीदारांबरोबर हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली. आता पैसा दुसऱ्यांचा होता, हिशेब मागणारे आले. किती खर्च, किती दिवस, कुणाला विचारून? सगळं एकहाती करायची सवय असलेल्या माणसाला हे जमेना. भांडणं झाली, फाळके कंपनी सोडून काशीला जाऊन राहिले. तिथं 'रंगभूमी' नावाचं नाटक लिहिलं. ते चाललं नाही. मग ते परत कंपनीत आले, काम केलं, पुन्हा खटके उडाले.

तोवर सिनेमा बदलत होता. नवे दिग्दर्शक, नव्या सामाजिक कथा, मोठे स्टुडिओ. १९३१ मध्ये बोलपट आला. फाळक्यांचा 'सेतुबंधन' मूक बनला आणि नंतर त्याला आवाज जोडावा लागला. १९३७ मध्ये कोल्हापूर सिनेटोनसाठी त्यांनी 'गंगावतरण' केला. तो त्यांचा एकमेव बोलपट आणि शेवटचा सिनेमा. वय सदुसष्ट. त्यानंतर नाशिकला परतले. ज्या धंद्याचा पाया घातला त्यात आता त्यांना काम नव्हतं, पैसाही उरला नव्हता. १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकमध्ये ते गेले. त्यांच्या नावाचा पुरस्कार १९६९ मध्ये सुरू झाला, पंचवीस वर्षांनी.

त्यांच्या सिनेमांचीही तीच गत. 'राजा हरिश्चंद्र'च्या चार रिळांपैकी पहिलं आणि शेवटचं अशी दोनच पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहेत, आणि तीही १९१७ मध्ये पुन्हा चित्रित केलेल्या आवृत्तीची असावीत असं काही अभ्यासक मानतात.

ज्या माणसानं चाळीस वर्षं सतत नवं शिकून सिनेमा गाठला, त्याला सिनेमा बदलल्यावर पुन्हा विद्यार्थी होणं जड गेलं. वय झालं होतं, परिस्थिती नव्हती, हे मान्य. तरी शिकणं ही एकदा करून संपवायची गोष्ट नाही, हे त्यांच्या उत्तरार्धाइतकं स्पष्ट दुसरं कुणी सांगत नाही. ज्याला गेममध्ये जायचंय त्यानं तर हे गाठीला बांधावं. आज शिकलेलं सॉफ्टवेअर पाच वर्षांनी बाजूला पडलेलं असू शकतं.

मग आपण काय करायचं?

फाळक्यांच्या वेळी कोर्स नव्हता, आज आहेत. एनआयडीमध्ये डिजिटल गेम डिझाइनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. आयआयटी मुंबईच्या आयडीसीत डिझाइन शिकता येतं. बारावीनंतर यूसीड ही परीक्षा असते आणि ती कुठल्याही शाखेच्या विद्यार्थ्याला देता येते, म्हणजे आर्ट्सवाल्यांनाही. कॉम्प्युटर सायन्सची वाट तर आहेच. डिग्री जरूर घ्या. घरच्यांना उत्तर द्यायला आणि पहिली नोकरी मिळवायला ती लागते. पदवी चालू असताना पोटापाण्याचं दुसरं काम करावं लागलं तरी ते वाया गेलं असं समजू नका. लग्नाचे फोटो काढणारा प्रकाश शिकतो, झाडीपट्टीच्या नाटकात पडदा ओढणारा टायमिंग शिकतो, दुकानात बसणारी गिऱ्हाइकाचं मन वाचायला शिकते. गेमला हे सगळं लागतं. एकच अट, जिथं असाल तिथलं काम हाताला वळण लागेपर्यंत शिकायचं, नुसतं तोंडी लावायचं नाही. फाळक्यांनी धंदे सोडले, पण कच्चे सोडले नाहीत.

आणि डिग्रीची वाट बघत बसू नका. आपला वाटाणा आधी पेरा. गोडोसारखं गेम इंजिन फुकट मिळतं, साध्या कॉम्प्युटरवर चालतं. विषयासाठी कुठं लांब जायला नको. पावसाळ्यात वैनगंगा चढली की कारध्याच्या पुलापाशी पाणी कुठवर आलं ही बातमी अख्खा जिल्हा बघतो. तेवढ्यावरच एक मिनिटाचा गेम करून पाहा. पाणी वर येतंय, गुरं या काठाला आहेत, ती वेळेत उंचावर न्यायची. एक स्क्रीन, एक नदी, चार गाई. चित्रं ओबडधोबड निघाली तरी चालतील.

मग तो मोबाइल मित्राच्या हातात द्या आणि गप्प बसून बघा. तो कुठं अडतो, कुठं हसतो, कधी कंटाळून फोन खाली ठेवतो. त्या एका मिनिटात तुम्ही डायरेक्टरचं काम करत असाल. दुसऱ्या दिवशी दुरुस्ती करा आणि पुन्हा दाखवा. फाळक्यांचा वाटाणा वर यायला महिन्यावर दिवस लागले होते. तुमच्या गेमलाही तेवढे द्या.